मूलवाडीकरांची साडेसाती

घोडेगावच्या फाट्यावर गाडी शनिशिंगणापूरकडे वळली तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मांडीवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. देवाला जाताना माणसं नारळ नेतात, फुलं नेतात, फार तर पाण्याची बाटली. हा गृहस्थ उशीएवढा कोश घेऊन निघाला होता. नगर सोडतानाच गाडी चालवणाऱ्या भाच्याने विचारलं होतं, "मामा, हे कशाला?" लेखक म्हणाला, "काम आहे." भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. शनिवारी काम असलेल्या कोणाही माणसाबद्दल त्याला आपोआप सहानुभूती वाटते. तो पुढे काही बोलला नाही.

काम असं होतं, की एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी विनोदी लेख मागितला होता. विषयही त्यांचाच : एखाद्या दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं मूळ आणि कूळ. "आपल्याकडच्या आडनावांवर सगळेच लिहितात हो," संपादक फोनवर म्हणाले, "तेच गाढवे, तेच ढेकणे, तेच दहीभाते. वाचक कंटाळलेत. तुम्ही इंग्रजी घ्या. फक्त मराठी माणसाला ते घरचं वाटलं पाहिजे." लेखकाने तात्काळ हो म्हटलं. मानधनाचा विषय निघायच्या आत हो म्हणून मोकळं व्हायची त्याची जुनी खोड आहे.

याच आठवड्यात घरच्यांनी त्याची पत्रिका दाखवून आणली आणि साडेसाती निघाली. शनी आपल्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास ओलांडेपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. राशीला अडीच वर्षं. आकाशातल्या शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्याला बाराने भागलं की अडीचच्या आसपास येतात, म्हणजे हिशेब चोख आहे. हा चोख हिशेब लेखकाच्या गुडघ्यापर्यंत आणि मानधनापर्यंत कसा पोचतो, एवढंच ते जोशीबुवांना ठाऊक. त्यांनी शिंगणापूर सांगितलं, शनिवार सांगितला, आणि भाच्याला बरोबर न्या असंही सांगितलं.

भाच्याचं कारण तिथल्या कथेत आहे. पानसनाल्याच्या पुरात एक मोठी काळी शिळा वाहत आली. गुराख्यांनी काठी टोचली तर तिच्यातून रक्त आलं. गावाने हात लावला, शिळा हलेना. मग स्वप्नात देवाने सांगितलं, की सख्ख्या मामा-भाच्यांनी उचललं तरच उठेन. तेव्हापासून इथे मामा-भाच्यांनी जोडीने दर्शन घ्यावं असं म्हणतात. आडनावांच्या लेखाला ही कथा देवानेच पाठवली असं लेखकाला वाटलं. बाप-लेक चालले नाहीत, सख्खे भाऊ चालले नाहीत, चुलते-पुतणे चालले नाहीत. ज्यांचं आडनाव एक असतं असे सगळे वगळून देवाने नेमकी दोन आडनावांची जोडी मागितली. हा विचार त्याने भाच्याला ऐकवला. भाचा म्हणाला, "मामा, समोर खड्डा आहे, कोश धरा."

गावाच्या अलीकडे लाकडी चरकाच्या रसवंत्या लागतात. बैल गोल फिरत असतो, गळ्यातली घंटा वाजत असते आणि उसाचा रस पातेल्यात पडत असतो. गाडीचा वेग जरा कमी झाला की रसवंतीवाल्याच्या आधी लटकू येतो. लटकू हा या भागातला खास शब्द. येणाऱ्या गाडीला लटकून, नाहीतर दुचाकीवरून तिच्या मागे लागून, भाविकांना ठरावीक दुकानात पूजेचं ताट घ्यायला नेणारा माणूस म्हणजे लटकू. मोल्सवर्थच्या वेळी मोटारी नव्हत्या, त्यामुळे या अर्थाने हा शब्द त्याला सापडणं शक्यच नव्हतं. लेखकाने मोठ्या आनंदाने वही काढली.

"तुम्हाला लटकू म्हणतात ना?" त्याने खिडकीतून विचारलं.

"कोण म्हणतं?" खिडकीला लटकलेला माणूस म्हणाला.

"लोक म्हणतात."

"लोकांना काय. पार्किंग पुढं हाय, चपला गाडीतच ठेवा, ताट आपल्याकडं."

आडनावाचा अर्धा इतिहास एवढ्या संवादात येऊन गेला होता. माणूस स्वतःला म्हणतो एक, आणि लोक म्हणतात दुसरंच. दोन पिढ्या गेल्या की लोकांचं टिकतं. 'लटके' हे आडनाव महाराष्ट्रात आधीपासून आहे आणि त्याचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही. पण दोनशे वर्षांनी कोणीतरी विद्वान तो नक्की जोडणार, याबद्दल लेखकाच्या मनात शंका राहिली नाही. कारण आत्ता तो स्वतःच जोडत होता.

त्या दिवशी गावात शिरल्यापासून अर्ध्या तासात लेखकाला तीन ठिकाणी नाव लिहून द्यावं लागलं. अंघोळीसाठी थांबलेल्या एका लॉजच्या वहीत, ताटवाल्याच्या पावतीवर आणि रस्त्यात अडवणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या वर्गणीपुस्तकात. तिन्ही ठिकाणी त्याने आपलं आडनाव स्वच्छ, सावकाश, शिक्षकी आवाजात उच्चारलं. (ते इथे दिलेलं नाही. घरच्यांची तशी विनंती आहे, आणि दिलं तरी छापताना चुकणारच.) लॉजवाल्याने त्याची भाजी केली. ताटवाल्याने प्राणी केला. वर्गणीवाल्याने विचार करून शेवटी 'कर' लावला आणि त्याला एका गावाला पाठवून दिलं.

भाच्याने तिन्ही कागद हातात धरून पाहिले. "बरं झालं की मामा," तो म्हणाला, "साडेसाती तिघांत वाटली गेली. प्रत्येकाला अडीच वर्षं."

ताटात रुईच्या पानांची माळ होती, काळे उडीद होते, काळं कापड होतं, घोड्याचा नाल होता आणि तेलाची प्लास्टिकची बाटली होती. बाटलीचं बूच बाटलीपेक्षा एक नंबर मोठं होतं, हे नंतर कळलं. ताट हातात, कोश पिशवीत आणि पिशवीत जागा आहे म्हणून बाटलीही पिशवीत, अशी व्यवस्था लेखकाने स्वतः केली होती, त्यामुळे पुढच्या प्रकाराला इतर कोणी जबाबदार नाही. रांगेत उभं राहून त्याने कोश बाहेर काढला तेव्हा 'आ'ची पानं तेलाने पारदर्शक झाली होती. एका पानावरचे शब्द दुसऱ्या पानावर दिसत होते. आड, आडनाव, आडमुठा असे सगळे शेजारी एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते.

"देवाआधी मोल्सवर्थला अभिषेक झाला," भाचा म्हणाला. "पण मामा, हा मोल्सवर्थ कोण?"

रांग लांब होती. लेखक शिक्षक होता. त्या बिचाऱ्याने प्रश्न विचारायला नको होता.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ १७९५ साली जन्मला आणि मिसरूड फुटायच्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई इलाख्यात आला. फौजेतली माणसं पुढे बढतीच्या मागे लागतात, हा मराठी शब्दांच्या मागे लागला. शास्त्रीपंडितांना बसवून, कँडी बंधूंना हाताशी धरून त्याने शब्द गोळा केले आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. १८५७ साली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. उत्तर हिंदुस्थानात तोफा धडाडत होत्या त्या वर्षी मुंबईत एक निवृत्त लष्करी अधिकारी 'ळ' आणि 'क्ष'ची मुद्रितं तपासत असणार. कँडी बंधूंपैकी थॉमस कँडीने आपल्याला विरामचिन्हांची शिस्त लावली. हा लेख ज्या स्वल्पविरामांवर अडखळत चालला आहे, तेही साहेबाचंच देणं. इंग्रजीत कँडी म्हणजे खडीसाखर. आपल्या भाषेचा कोश एका खडीसाखरेच्या मदतीने झाला, हे संपादकांना आवडेल असं लेखकाला वाटलं.

"आणि मोल्सवर्थ म्हणजे?" भाच्याने दुसरी चूक केली.

मोल्सवर्थ हे मूळचं गावाचं नाव. इंग्लंडात केंब्रिजच्या वायव्येला, जुन्या हंटिंग्डनशरमध्ये, या नावाचं लहानसं खेडं आजही आहे. विल्यम राजाने १०८६ साली देशभराच्या जमिनींची जी खानेसुमारी करवली, त्या डूम्सडे बुकातही ते सापडतं. नावाचे तुकडे दोन. 'वर्थ' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली जागा, आणि 'मूल' हे त्या कुंपणाच्या मालकाचं नाव. आता आपला 'वाडा' आणि आपली 'वाडी' हे शब्दही संस्कृतातल्या 'वाट' या शब्दावरून आले, आणि त्याचा अर्थ कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. म्हणजे मोल्सवर्थ या गावाचं मराठी नाव मूलवाडी. तिथून बाहेर पडलेला माणूस मूलवाडीकर. साठ हजार मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ देणाऱ्या साहेबाच्या आडनावाचा मराठी अर्थ असा निघाला : आपल्या सावरकर, गावसकर, तेंडुलकर यांच्या पंगतीत बसणारा साधा 'कर'.

"आणि हा मूल कोण?"

हा कोण होता कोणालाच माहीत नाही, त्यामुळे लेखकाला इथे बराच वाव होता. मूल नावाचा एक राजाही होऊन गेला; ६८७ साली केंट परगण्यात लोकांनी त्याला जाळून मारलं. कुंपणवाला मूल निराळा. शब्दाचा अर्थ बहुधा खेचर. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचं तालुक्याचं गाव आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण जोडायचा म्हटला तर एक स्वतंत्र लेख होईल आणि त्याचंही मानधन विचारायचं राहून जाईल.

"म्हणजे मोल्सवर्थ म्हणजे खेचराची वाडी," भाच्याने गोषवारा काढला.

मागून एक आवाज आला. "आमचं आडनाव तर डायरेक्ट वाघावरून हाय."

रांगेतली चर्चा दोघांची राहत नाही. त्या गृहस्थांच्या पूर्वजाने वाघ मारला होता, नुसत्या कोयत्याने. त्यांच्या मागच्या गृहस्थांचं घराणं मूळ राजस्थानचं निघालं. त्यांच्याही मागच्यांचं निघालं. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी वळून सांगितलं, की त्यांच्या सासरचं आडनाव प्रत्यक्ष महाराजांनी दिलेलं आहे, कागद होता, चुलत्यांनी घराच्या वाटणीत गहाळ केला. पाच मिनिटांत त्या लोखंडी कठड्यांमध्ये दोन सरदार, एक किल्लेदार आणि तीन वाघ जमा झाले. शेळ्या राखणारा पूर्वज कोणाचाच नव्हता. पेरणी केलेला, कर्ज काढलेला, लढाईच्या दिवशी ताप आलेला पूर्वजही कोणाचा नव्हता. इतक्या शूर माणसांच्या वंशात जन्मलेली ही सगळी मंडळी एका ग्रहाला भिऊन उन्हात उभी होती.

लेखकाने घोरपड्यांची गोष्ट सांगितली. भोसल्यांच्या एका पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केला आणि बहमनी सुलतानाने किताब दिला म्हणून ते घोरपडे, अशी त्या घराण्याची परंपरा आहे. "किल्ला घेतला माणसानं, नाव झालं पालीचं," वाघवाले म्हणाले. त्यांना ते पटलं नाही.

इंग्रजांचंही असंच आहे. तिथे राजस्थानच्या जागी नॉर्मंडी असते. १०६६ साली विल्यम फ्रान्सच्या किनाऱ्यावरून लढाईला आला, आणि त्याच्या होड्यांत आपला पूर्वज होता असं सांगणारी इतकी घराणी झाली, की सगळे खरे धरले तर होड्या बुडाल्या असत्या. त्या साथीदारांची म्हणून सांगितली जाणारी 'बॅटल ॲबी'ची एक यादी प्रसिद्ध आहे. तिच्या जुन्या नकलांत पुढच्या लोकांनी आपापली नावं घुसवली म्हणून ती बदनामही आहे. कुठल्याही यादीत नाव कसं चढवायचं हे नगर जिल्ह्याला साहेबाने शिकवायची गरज नव्हती. पण साहेबालाही ते येतं, याचं वाघवाल्यांना समाधान वाटलं.

मग लेखक खुलला. इंग्लंडात 'गोटूबेड' असं खरोखरचं आडनाव आहे, म्हणजे सरळ 'झोपायला जा'. आपल्या खानदेशातल्या झोपे मंडळींचे हे विलायतेतले पाहुणे. 'रॅम्सबॉटम' आहे, त्यातलं 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, अत्यंत निरुपद्रवी. पण त्या पोराचं शाळेत काय होत असेल ते आपल्याकडच्या ढेकणे-गाढव्यांनाच विचारावं. 'फेदरस्टनहॉ' असं भलंमोठं लिहून 'फॅनशॉ' म्हणणारी माणसं आहेत. 'चोलमोंडेली' असं दिसणारं आडनाव 'चमली' असं उच्चारतात, आणि समोरच्याने लिहिल्याप्रमाणे वाचलं तर त्यालाच अडाणी समजतात. १९७९ पासून तिथे एक संस्थाच आहे, जिचा एकेक सभासद एकच आडनाव धरून बसतो आणि जगभरातले त्या आडनावाचे जिवंत-मृत लोक शोधत राहतो. आपल्याकडे याच नादाला कुलवृत्तांत म्हणतात. त्यात पहिली काही पानं मूळ पुरुषाला जातात आणि पुढची सगळी पानं आपलं नाव सापडतं का ते बघण्यात.

"मग आपलं जुनं आडनाव शोधायचं कसं?" राजस्थानवाल्यांनी विचारलं.

हा प्रश्न धोक्याचा. कारण शोधायला गेलं की पहिल्यांदा सापडतं ते हे, की आडनाव बदललेलं आहे. नाना फडणवीस हे मुळात भानू. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा, या फारसी हुद्द्याने त्यांच्या घरातल्या भानूंना झाकून टाकलं. चिठ्ठी लिहिणारे चिटणीस झाले, फारसी लिहिणारे पारसनीस, हिशेब लिहिणारे हसबनीस. यात हसण्याचं काही नाही, बसण्याचं मात्र भरपूर आहे. तात्या टोपे मूळचे येवल्याचे येवलेकर. मुंबईचे नाना शंकरशेट हे मुरकुटे. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं ते उठलंच नाही. बाबासाहेबांच्या घरचं आडनाव सकपाळ. आणि याच नेवासे तालुक्यात, नेवाशाला, एका खांबाला टेकून ज्याने १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्याचं आडनाव कुलकर्णी हे आठवायला आजही मराठी माणसाला क्षणभर थांबावं लागतं. खांब मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

लेखक या खांबापर्यंत पोचला तेव्हा त्याच्यापुढे रांगेत वीस-पंचवीस फुटांची मोकळी जागा झाली होती. पुढचे लोक केव्हाच सरकले होते. मागचे तीनशे लोक तळपायांना चटके सोसत उभे होते, आणि त्यांना मध्येच एक तेलकट पुस्तक धरलेला माणूस हातवारे करताना दिसत होता.

"ओ आडनाववाले!" पाठीमागून कोणीतरी खच्चून ओरडलं. "पुढं सरका की!"

क्षणात ते शेवटपर्यंत गेलं. "कोण थांबलंय?" "ते आडनाववाले!" "आडनाववाल्यांना पुढं घ्या!" दर्शन होईस्तोवर लेखकाला त्या रांगेत दुसरं नाव उरलं नव्हतं. सुरक्षारक्षकसुद्धा म्हणाला, "चला, आडनाववाले, हात जोडा, पुढं व्हा." आयुष्यात प्रथमच त्याचं नाव सलग चार माणसांनी एकसारखं उच्चारलं होतं.

शिळा साडेपाच फुटांच्या आसपास उंच आहे, चौथऱ्यावर उघड्यावर उभी. वर छप्पर नाही, कळस नाही. देवाने छप्पर नाकारलं आणि गावाने दारं काढली, असं सांगतात. पिढ्यान् पिढ्या इथे घराला चौकट असते, चौकटीत दार नसतं. पडदा असतो. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावतात. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने इथे बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. बँकेने काचेचं दार आणि डोळ्यांना न दिसणारं विद्युत-चुंबकीय कुलूप अशी तोड काढली होती. श्रद्धाही राखली आणि रिझर्व्ह बँकही. पोलीस ठाणं २०१५ साली आलं. चौथऱ्यावर जायला बायकांना मज्जाव होता तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, आंदोलन आणि न्यायालय अशा दोन्ही अंगांनी रेटा आल्यावर उठला. घराला दार नसलेल्या गावात चौथऱ्याला एवढं पक्कं दार होतं, हे तोवर फारसं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दर्शनानंतर दोघं एका घरगुती चहाच्या दुकानी टेकले. मागे राहतं घर होतं. चौकटीत फुलांचा पडदा आणि बाजूला भिंतीवर, दारच नसल्यामुळे थोडी पोरकी दिसणारी, आडनावाची पाटी. लेखकाने पाटी वाचली आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. या पंचक्रोशीत 'दरंदले' हे आडनाव बरंच आढळतं, आणि ही पाटीही तीच होती.

"दर, म्हणजे फारसीत दार," तो भाच्याच्या कानात म्हणाला. "बिनदाराच्या गावात दरंदले! काय योग आहे बघ. नक्की काहीतरी—"

"काका," भाच्याने चहावाल्या म्हाताऱ्यांनाच विचारलं, "तुमच्या आडनावाचा दाराशी काही संबंध आहे का? आमचे मामा विचारतायत."

म्हाताऱ्यांनी लेखकाकडे पाहिलं, मग कोशाकडे, मग कोशातून बाकावर ओघळणाऱ्या तेलाकडे. "दार नाहीच तर संबंध कशाचा लावता?" ते म्हणाले. "ती पिशवी खाली ठेवा, बाकडं खराब होतंय."

"पण दार नसेल तर लोक आत यायच्या आधी वाजवतात कशावर?"

"हाक मारत्यात की. नाव घेऊन."

लेखकाने वहीत लिहिलं : 'जिथे दार नाही तिथे नावच वाजवावं लागतं.' मग त्याला हे वाक्य फार शहाणं वाटलं आणि त्याने ते खोडलं. विनोदी लेखाला असं वाक्य लागलं की संपादक त्याची चौकट करून छापतात.

त्याऐवजी त्याने भाच्याला मूलवाडीची उरलेली गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या त्या खेड्याच्या कडेला लष्करी ठाणं आहे. १९८०च्या दशकात तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं येऊन राहणार होती, म्हणून शांततावाद्यांनी मोकळ्या रानात तळ ठोकला. त्या जागेला धड कुंपणच नव्हतं. तंबू होते, भाजी लावली होती, एक प्रार्थनाघरही बांधायला घेतलं होतं. १९८५ च्या फेब्रुवारीत एका रात्री हजाराहून जास्त सैनिक आणि पोलीस आले आणि सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी काही मैल लांबीचं काटेरी तारांचं कुंपण घालायला सुरुवात केली. संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन स्वतः लष्करी जाकीट चढवून हजर होते. त्या जाकिटावर व्यंगचित्रकारांनी पुढे बरेच दिवस गुजराण केली. गावाच्या नावातच कुंपण होतं. प्रत्यक्षात यायला त्याने हजार वर्षं घेतली.

"ऑर्डर दिलेली वस्तू उशिरा आली म्हणायची," भाचा म्हणाला.

"अजून एक," लेखक म्हणाला. त्याला थांबता येत नाही हे भाच्याला आता कळलं होतं. इंग्रजी विनोदी वाङ्मयात मोल्सवर्थ नावाचा आणखी एक इसम अमर आहे. जेफ्री विलन्स आणि चित्रकार रोनाल्ड सर्ल यांनी १९५३ साली 'डाउन विथ स्कूल!' हे पुस्तक काढलं. त्याचा नायक नायजेल मोल्सवर्थ, शाळकरी पोरगा, आणि त्याची ख्याती अशी, की त्याला एकही शब्द धड लिहिता येत नाही. पुस्तकाच्या नावातल्या 'स्कूल'चं स्पेलिंगसुद्धा चुकीचं आहे. म्हणजे मोल्सवर्थ म्हटलं की मराठी माणसाला शब्द बरोबर आहे का हे तपासायचा ग्रंथ आठवतो, आणि इंग्रज माणसाला शब्द हमखास चुकवणारं कार्टं.

म्हातारे इतका वेळ ऐकत होते. "मग ह्यातला तुमचा कोणता?" त्यांनी कोशाकडे बोट दाखवून विचारलं.

"शहाणा," लेखक म्हणाला.

"शहाण्याला एवढं तेल?"

परतीच्या वाटेवर भाच्याने रसवंतीपाशी गाडी थांबवली. बैल गोल फिरत होता. लेखकाने पातेल्याशेजारच्या माणसाला विचारलं, की इथल्या माणसाने आडनाव शिंगणापूरकर सांगितलं तर लोकांना कळतं का. तो म्हणाला, कळतं, पण आधी विचारतात, कोणतं शिंगणापूर? बरोबरच होतं. साताऱ्याकडे माण तालुक्यात शंभू महादेवाचं शिखर शिंगणापूर आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठी आणखी एक आहे. गावावरून आडनाव घ्यायचं ते माणूस नेमका कुठला ते कळावं म्हणून, आणि इथे गावालाच आडनाव लावावं लागलं : एकाला शनी, एकाला शिखर. लेखकाने हे भाच्याला समजावून सांगायला तोंड उघडलं. भाच्याने त्याच्या हातात रसाचा ग्लास दिला.

लेख लिहून झाला. लेखकाचं हस्ताक्षर आणि टंकलेखनाचा वेग दोन्ही लक्षात घेऊन भाच्याने तो पुण्याहून टाइप करून संपादकांना पाठवला. कोशाची 'आ'ची पानं अजून वाळायची आहेत. घरात त्यांना उडीद आणि तेलाचा वास येतो, आणि 'आडनाव' शब्दाच्या आरपार पलीकडची दोन पानं स्पष्ट वाचता येतात.

महिन्याभराने मानधनाचा धनादेश आला. लेखकाने रक्कम आधी पाहिली, मग नाव. धनादेश 'श्री. आडनाववाले' यांच्या नावाने होता. त्याने संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, लेखाखाली तुम्हीच तर तसं टाकलंय. आम्हाला वाटलं टोपणनाव. फार आवडलं, अंकातही तेच गेलंय." त्याने मग भाच्याला फोन लावला. भाचा बराच वेळ हसत होता. हसून झाल्यावर म्हणाला, "मामा, पण आता साडेसातीचे वाटेकरी चार झाले."

"म्हणजे मला किती?"

पलीकडे थोडा वेळ बटणं वाजली. "एक वर्ष साडेदहा महिने," भाचा म्हणाला. "साडे काही सुटत नाही."